आरडीवाल्या मावशींना, उशिरा का होईना

मावशी, नमस्कार. तुम्ही फोनवर नुसती भजनं ऐकता, मेसेज काही बघत नाहीत, म्हणून हे सगळ्यांसमोरच लिहायलेय, सूनबाईनं वाचून दाखवावं. लातूरात पोस्टाची आरडी, म्हणजे दर महिन्याच्या ठेवीचे हप्ते, गोळा करत दारोदार फिरणाऱ्या एजंट बाया काही कमी नाहीत, पण पायरीवर बसून दुसऱ्याच्या घरचा हिशोब लावून देणाऱ्या मला तरी तुम्ही एकट्याच भेटलात.

2024 च्या जानेवारीत तुमच्याकडं महिना हजाराची आरडी काढली. पाच वर्षांनी 71 हजाराच्या वर येतील म्हणलात आणि मी लगेच मनातल्या मनात पोरीची अकरावी-बारावी करून मोकळी झाले. पाच हप्ते नीट गेले. मग जून आला. जून, जुलै, ऑगस्ट तुमचा आवाज आला की मी आतूनच "मावशी पुढच्या वेळी दोन्ही मिळून देते" म्हणायचे, एकदा तर पोराला पाठवून आई बाहेर गेलीय सांगितलं आणि माझी चप्पल तुमच्या पायापाशीच पडलेली. काही बोलला नाहीत तेव्हा. सप्टेंबरात मात्र सरळ आत येऊन बसलात. "दंडाचं काही नाही गं, शंभराला रुपया. पण सलग चार हप्ते चुकले की खातं बंद पडतंय. पैसा जायलाय कुठं ते तरी सांग." मी म्हणलं पगारच पुरंना (ह्यांना डाळमिलवर 21 हजार आहेत). "लिहितीस का कधी?" मी म्हणलं कालनिर्णयवर दुधाचे खाडे लिहिते की!

हसून हसून तुम्हाला ठसका लागला होता.

मग पिशवीतून गेल्या वर्षीची कोरी डायरी काढून दिलीत आणि म्हणलात महिनाभर काहीच कमी करायचं नाही, नुसतं लिहायचं. लिहिलं. कोपऱ्यावरच्या दुकानातून पोरांचं रोजचं वीस-तीस रुपयाचं चिल्लर महिन्याला 840 निघालं, ह्यांच्या फोनपेत चहाच्या टपरीचंच नाव ओळीनं, त्यावरून घरात जे झालं ते इथं लिहीत नाही, "आता चहा पण वहीला विचारून प्यायचा का" एवढंच सांगते. मला वाटलं सापडला चोर. तुम्ही डायरी उलटीपालटी बघितलीत आणि म्हणलात हा नाही, चहा पिऊ दे त्याला.

आणि मग तुम्ही ते पान करायला लावलंत. दर महिन्याला येत नाही पण येतंच येतं असं सगळं. शाळा, वह्यापुस्तकं 18 हजार. वर्षाची ज्वारी-गहू, डाळ, उन्हाळ्यातलं तिखट-मसाला 14. दिवाळी 9. लग्नाचे आहेर आणि जाणंयेणं 9. उन्हाळ्यात चार महिने टँकर 6. गाडीचा इन्शुरन्स, सर्व्हिसिंग 4. बेरीज 60 हजार, भागिले बारा, पाच हजार. मी दोनदा मोबाईलवर करून बघितलं. म्हणजे आमचा पगार 21 नव्हताच की, 16 होता, आणि आम्ही दर महिन्याला 21 चे असल्यासारखे वागायचो, मग जूनमधे भावाला फोन, एप्रिलमधे गटातून उचल, दिवाळीला दुकानदाराची उधारी, आणि दरवेळी वाटायचं की ह्यावर्षीच जरा अडचण आलीय.

लग्नपत्रिकांची रिकामी पाकिटं तुम्हीच जमवून आणलीत, वर नवरा-नवरीची नावं आणि खाली माझ्या अक्षरात "टँकर". अजून तीच आहेत. आहेराचं पाकीट तिसऱ्याच महिन्यात रिकामं झालं, डिसेंबरात एका घरचीच दोन लग्नं निघाली, त्याला काय करणार. आणि एक कबूल करते, रोजचा रुपया न् रुपया लिहायचं मी सहा महिन्यांनी सोडलं, आता किरकोळ म्हणून 600 बाजूला टाकते आणि विचारत नाही. तुम्हाला पटणार नाही माहितंय पण माझ्यानं होत नाही ते.

सोयाबीनवरनं मात्र मी तुमच्याशी भांडले होते. गावाकडं तीन एकर आहे, निम्म्यानं लावलंय, आमच्या वाट्याला दहा क्विंटल येतात. त्यावर्षी हमीभाव 4892 होता, ह्यांनी लगेच 49 हजार धरून कूलरसुद्धा बघून ठेवला. तुम्ही म्हणलात, आडतीवरची विक्रीची पट्टी हातात पडल्याशिवाय सोयाबीन वहीत घ्यायचं नाही. मला राग आला, शेत आमचं, हिच्या बापाचं काय जातंय असं वाटलं, खोटं कशाला बोलू. पट्टी आली 4100 नं, वर ओलाव्याची कट्टी, हमाली, तोलाई वेगळीच. कूलर राहिला.

2025 च्या सप्टेंबरात जो पाऊस झाला तो तुम्ही पुण्यात लेकाकडं बसून टीव्हीवर बघितला असाल. आमच्या तीन एकरात आठ दिवस पाणी उभं होतं, शेंगांना झाडावरच कोंब आले, वाट्याला दोन क्विंटल आलं तेही काळं पडलेलं. हमीभाव 5328 होता, पण तो आकडा आमच्या घरात कुणी काढलासुद्धा नाही. हे दोन दिवस जेवले नाहीत नीट. तिसऱ्या दिवशी मी वही पुढं ठेवली, म्हणलं बघा, ह्यात सोयाबीन कुठंच नाही. जूनची फी गेलीय, दिवाळीचं पाकीट भरलंय, आरडीचा हप्ता गेलाय. ते बराच वेळ पानं उलटत बसले आणि मग म्हणले, चहा टाक.

तुमच्या जागी आता नवीन एजंट येते, चांगली आहे, फोनवर मेसेज करते, पायरीवर बसत नाही. एकदाही खाडा नाही माझा.

एक राहिलंच. तेव्हा आपण त्या पानावर येळवस, आपली वेळ अमावस्या, लिहायची विसरलो होतो, भज्जीची भाजी, आंबील, उंडे, वीस-पंचवीस माणूस शेतात जेवायला, आणि तो खर्च पहिल्या वर्षी दुसऱ्याच पाकिटांतून गेला. यंदा वेगळं पाकीट केलंय, दीड हजार आहेत त्यात. रान खराब झालंय पण पूजेची कडब्याची कोप मांडणार आहोत. पुण्याहून लातूरला रात्री बऱ्याच गाड्या आहेत, लेकाला तिकीट काढायला सांगा आणि या. मी स्टँडवर घ्यायला येते.