पेन्सिलीने खोडलेल्या पाच माफ्या

आदरणीय मॅडम,

सप्रेम नमस्कार.

सहा वर्षांपूर्वी विभागप्रमुखपद नाकारणारे माझे पत्र मी तुम्हाला वाचायला दिले, तेव्हा त्यात ‘माफ करा’, ‘क्षमस्व’ आणि ‘दिलगीर आहे’ हे शब्द मिळून सात ठिकाणी आले होते. तुम्ही पेन्सिल घेऊन त्यांपैकी पाच खोडले, दोन तसेच ठेवले आणि म्हणालात, “उत्तर द्यायला तुला उशीर झाला आणि बैठकीला तू न कळवता गैरहजर राहिलीस, त्या दोन्हींची माफी मागायलाच हवी. बाकीच्या पाच ठिकाणी तू कोणाचे काय बिघडवले आहेस, ते सांग.” मला सांगता आले नाही. त्या खुणांबद्दल तुमचे आभार मानायचे राहून गेले होते, ते आज या अनावृत पत्रातून मानते आहे.

त्या काळी मला घुमी म्हणत, शिष्टही म्हणत. माणसांच्या गराड्यात दोन तास काढले की मला एकांत लागतो, आणि माणसे सांभाळण्यापेक्षा मजकुराची एकेक ओळ तपासत बसण्यात माझे मन रमते, एवढीच खरी गोष्ट होती. पण ती तशी सांगण्याचे धैर्य नसल्यामुळे समारंभातून लवकर निघताना मी डोकेदुखीचे कारण पुढे करायची आणि घरी पोहोचल्यावर त्या खोटेपणाने खरोखरच अस्वस्थ व्हायची. स्वभावाची माफी मागता मागता माणूस खोटे बोलायला शिकतो, हे मी स्वतःवरून सांगते.

सॉलोमन अ‍ॅश या मानसशास्त्रज्ञाचे १९५१ सालचे प्रयोग मी नंतर वाचले. रेषांची लांबी ओळखण्याचे काम अगदी सोपे होते, पण गटातील बाकीचे सगळे आधीच ठरवून एकमुखाने चुकीचे उत्तर देत, आणि ते ऐकून सुमारे तीन चतुर्थांश लोकांनी निदान एकदा तरी डोळ्यांना दिसणारे नाकारून गटाची री ओढली. मला मात्र त्याच प्रयोगांचा दुसरा भाग अधिक मोलाचा वाटतो. गटातील एकाच माणसाने बरोबर उत्तर दिले, तरी असे शरण जाण्याचे प्रमाण आधीच्या जवळजवळ एक चतुर्थांशावर येत असे. गट तोच आणि दडपणही तेच, फरक फक्त एका आवाजाचा. ते वाचताना मला तुमची आठवण झाली. संपूर्ण कार्यालय ‘संधी कोण सोडते?’ असे विचारत असताना, ‘तुला हे काम आवडते, मग तेच कर,’ असे म्हणणाऱ्या तुम्ही एकट्या होता.

आणखी एका गोष्टीसाठी मी तुमची ऋणी आहे, आणि ती कदाचित तुमच्या लक्षातही नसेल. पुढे एका नव्या सहकाऱ्याला मी तुटकपणे उत्तर दिले आणि ‘माझा स्वभावच असा आहे’ असे म्हणून मोकळी झाले, तेव्हा तुम्ही मला बाजूला घेऊन सांगितले की कमी बोलणे हा स्वभाव आहे, पण समोरच्याला दुखावणे ही वागणूक आहे, आणि वागणुकीची जबाबदारी घ्यावीच लागते. मी त्याच दिवशी त्याची माफी मागितली. स्वतःला जपणे आणि स्वतःचे लाड करणे यांतली रेघ तुम्ही मला दाखवली नसती, तर पहिला धडा मी फार सोयीस्करपणे वापरला असता.

या महिन्यात तेच पद पुन्हा माझ्यासमोर आले. मी नकार कळवला. मला मजकुराचेच काम करायचे आहे आणि ते मी अधिक चांगले करते, एवढेच कारण दिले. पत्र चार ओळींचे झाले. त्यात दिलगिरीचा शब्द एकदाच आहे, कारण उत्तराला माझ्याकडून दोन दिवस उशीर झाला होता.

आपली कृतज्ञ,
एक जुनी सहकारी