छंदात बसत नाही म्हणून?

महोदय,

इथल्या एका काव्यस्पर्धेत दहावीतल्या मुलीची कविता परीक्षकांनी ‘छंदात बसत नाही’ म्हणून बाद केली. कविता आईच्या द्राक्षबागेतल्या मजुरीवर होती. मणी विरळताना कात्रीने बोटांना पडलेले घट्टे तिने असे लिहिले होते, की मागच्या रांगेतल्या बायकांनी डोळ्यांना पदर लावला.

नियमांना माझा विरोध नाही. उलट शाळेत वृत्तं नीट शिकवायलाच हवीत, नुसती परीक्षेच्या दोन गुणांपुरती नव्हे. मनाच्या श्लोकांतलं भुजंगप्रयात पाहा: लघु-गुरु-गुरु, ओळीत चार वेळा. 12 अक्षरांची ती चाल लहान पोराच्याही तोंडात बसते.

पण माझी आजी जात्यावर ओव्या गायची, तेव्हा अक्षरं कमीजास्त व्हायची. कमी पडलं की ती एखादा स्वर लांबवायची आणि जात्याचा फेरा बरोबर पुरा व्हायचा. यमक मात्र कधी चुकलं नाही. तिला गण-मात्रा कुणी शिकवल्या होत्या? तिचा नियम तिच्या हातात होता. कुसुमाग्रजांनी वृत्तात लिहिलं तसं मुक्तछंदातही लिहिलं, आणि त्यांच्याच नाशकात असा निकाल लागावा याचं फार वाईट वाटतं.

स्पर्धेच्या पत्रकात छंदाची अट नव्हती. आयोजकांनी पुढच्या वर्षी ती आधी छापावी, नाहीतर मुक्तछंदासाठी वेगळा गट ठेवावा. आणि त्या मुलीला बोलावून तिची कविता पुन्हा एकदा ऐकावी.

— एक निवृत्त शिक्षिका, नाशिक रोड