दगडाच्या पोटातलं तेल

लंडन

ती. आई-बाबांना सा. नमस्कार.

आई, परवा फोनवर तू विचारलंस, "दगडांचे एक्स-रे काढायला पगार कोण देतं?" मी हसण्यावारी नेलं, पण प्रश्न रास्त आहे.

आमचा दगड म्हणजे जर्मनीतला बेंटहाइमर वालुकाश्म. त्याची पेन्सिलीएवढी कांडी रबरी नळीत घट्ट बसवायची, आत खारं पाणी भरायचं, मग तेल ढकलायचं, मग पुन्हा पाणी. आणि टप्प्याटप्प्याला स्कॅन. एक्स-रेमध्ये तेल-पाणी वेगळं ओळखू येत नाही, म्हणून पाण्यात पोटॅशियम आयोडाइड घालतो. तुझ्या सीटी स्कॅनला नसेतून आयोडीनचं औषध दिलं होतं ना, कारण तेच. फक्त तिथे यंत्र तुझ्याभोवती फिरलं, इथे दगडालाच गोल फिरवतात.

बाबा, बॉम्बे हायवरून घरी आलात की तुम्ही म्हणायचात, तेल ढकलायला खाली कितीही पाणी सोडा, बरंच तेल खालीच राहतं. ते कसं राहतं, हे मी आता स्क्रीनवर बघते. या वालुकाश्माच्या कणांना पाणी चिकटतं, तेल मोठ्या छिद्रांच्या मधोमध असतं. पाणी वाढलं की अरुंद वाटेत कडेचा थर फुगतो आणि तेलाची धार तिथेच तुटते. तुटलेला थेंब मग हलत नाही. असं होत होत छिद्रांतली साधारण एक तृतीयांश जागा तेलाकडेच राहते! तुमचा बॉम्बे हायचा चुनखडक मात्र याहून अवघड. तेलाच्या संगतीत मुरला की तो बऱ्याच ठिकाणी पाण्याऐवजी तेलालाच धरतो.

आणि पगाराचं म्हणशील तर आई, आता लोकांना हे अडकणंच हवंय. नॉर्वेच्या स्लाइपनर या समुद्रातल्या वायुक्षेत्रात 1996 पासून कार्बन डायऑक्साइड हवेत जाऊ नये म्हणून समुद्रतळाखालच्या वालुकाश्मात सोडतात. तो तिथल्या खाऱ्या पाण्यात असाच थेंबाथेंबाने अडकला तर वर यायची भीती कमी. बाबांनी जन्मभर जे बाहेर काढायची खटपट केली, त्याच्या उलटी माझी नोकरी. बाबा यावर काय म्हणतील ते मला माहीत आहे, तरी म्हणू देत.

बाबा, एक हवं होतं. पाणी सोडायला लागल्यावर वर येणाऱ्या तेलात पाण्याचं प्रमाण हळूहळू वाढलं की एकदम? विहिरीविहिरीत फरक होता का? आठवेल तसं रविवारी सांगा, मी लिहून घेईन. आईला मध्ये बोलू द्या.

तुमची,
चिनू