पायांपासून सुरुवात करणाऱ्या अक्कांस

आदरणीय अक्का,

सादर नमस्कार.

हे पत्र मराठीत आहे आणि तुमचे वाचन तेलुगूतले, त्यामुळे तुमची नात ते तुम्हांला वाचून दाखवील, असे मी तिच्याकडून कबूल करून घेतले आहे. घरी येऊन चार शब्दांत आभार मानले असते तरी तुम्हांला पुरले असते, हे मला ठाऊक आहे. पण तुम्ही माझ्यासाठी जे केलेत ते मालिशीचे पैसे देऊन फिटणारे नाही. घरातल्या माणसाचे मोठे आजारपण निभावून नेताना स्वतः मात्र आतून आवळून बसलेल्या पुष्कळ बायका माझ्या ओळखीत आहेत. तुम्ही केलेत ते त्यांनाही कळावे, म्हणून हे उघडपणे लिहीत आहे.

तुम्ही मे महिन्यात आमच्या घरी आलात त्या माझ्या मुलीच्या बाळंतपणासाठी. सव्वा महिना रोज सकाळी बाळाला आणि बाळंतिणीला तेल लावून न्हाऊ घालायचे, एवढेच आपले ठरले होते. त्याआधी दोनच महिने, मार्चमधल्या एका रात्री, माझ्या यजमानांना हृदयविकाराचा झटका आला होता. ते वाचले, घरी आले, औषधे वेळेवर घेऊन हिंडूफिरू लागले. मी मात्र रुग्णालयाच्या व्हरांड्यातल्या त्या बाकावरून उठलेच नव्हते, असे आता वाटते. रात्री तीनला जाग यायची आणि यजमानांची छाती वरखाली होते आहे ना, हे मी अंधारात पाहत राहायची. फोन वाजला की पोटात गोळा येई. जबडा झोपेतही इतका आवळलेला असे की सकाळी कडक भाकरीचा तुकडा चावताना कानशिले दुखत. आणि सोलापूरच्या उन्हाळ्यात, पारा चाळिशीच्या पार गेलेला असताना, माझे हात गार असत. ईसीजी काढून झाला, थायरॉईड तपासून झाले, सगळे ठीक निघाले. ‘ताण घेऊ नका’ असे मला जवळजवळ प्रत्येकाने सांगितले. अंगात शिरलेला ताण बाहेर कसा काढायचा, हे कोणी सांगितले नाही.

मी 27 वर्षे शाळेत विज्ञान शिकवते आहे. संकटाची चाहूल लागली की मेंदूतील अधश्चेतक हा भाग इशारा देतो, शरीराला सावध करणारी अनुकंपी चेतासंस्था जागी होते, मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी ॲड्रेनॅलिन सोडतात, हृदय धावू लागते, पचन मंदावते आणि त्वचेकडचे रक्त आखडून मोठ्या स्नायूंकडे वळते. ‘लढा किंवा पळा’ ही शरीराची तयारी हार्वर्डचे शरीरक्रियाशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी 1915 मध्ये ग्रंथरूपाने मांडली, हेही मी मुलांना सांगत आले आहे. ॲड्रेनॅलिन काही मिनिटांत ओसरते. त्यामागून येणारे कॉर्टिसॉल हे ताणाचे दुसरे संप्रेरक त्याहून बराच वेळ रेंगाळते. आणि धोका टळला आहे हे शरीराला पटले नाही, तर ही साखळी पुन्हा पुन्हा सुरू होत राहते. माझे गार हात, तुटलेली झोप आणि आवळलेला जबडा हे सारे याच एका गोष्टीचे भाग होते. फळ्यावर ती मी कितीदा तरी लिहिली होती, पण माझ्या खांद्यांत ती चालू आहे हे तुम्ही ओळखलेत.

तो दिवस मला स्वच्छ आठवतो. बाळाला न्हाऊ घालून, दुपट्यात गुंडाळून तुम्ही नुकतेच मुलीच्या कुशीत दिले होते आणि मी शेजारी बसून लंगोटांच्या घड्या घालत होते. “बाई, खांदे वर धरून का बसलाव? कुणी मारायला यायलंय का?” असे तुम्ही विचारलेत. मी खांदे खाली सोडले. दोन घड्या घालून होईपर्यंत ते पुन्हा कानांपाशी गेले होते. तुम्ही ते पाहिलेत, काही बोलला नाहीत, आणि दुसऱ्या दिवशी अर्धा तास लवकर आलात.

अंगाला हात लावण्यापूर्वी तुम्ही मला जे प्रश्न विचारलेत त्यांचा उल्लेख मी मुद्दाम करते आहे, कारण अनेक ठिकाणी ते विचारले जात नाहीत. बीपीची गोळी चालू आहे का, अंगात ताप आहे का, कुठे जखम, पुरळ किंवा गाठ आहे का, पायाच्या शिरा फुगलेल्या आहेत का. पुढे एकदा माझी डावी पोटरी सुजून गरम लागत होती, तेव्हा तुम्ही ती चोळायला साफ नकार दिलात. “हे आधी डॉक्टरला दाखवा, मग मी,” असे म्हणून तेलाची वाटी बाजूला ठेवलीत. तपासणीत रक्ताची गुठळी निघाली नाही, स्नायूच दुखावलेला होता. परंतु पायात गुठळी असताना ती पोटरी रगडली गेली तर गुठळी सुटून फुप्फुसापर्यंत जाऊ शकते, हे डॉक्टरांनी समजावून सांगितले तेव्हा तुमच्या नकाराचे मोल मला कळले.

दुखत होती माझी मान, आणि तुम्ही बसलात माझ्या पायांशी. मला त्याचे नवल वाटले होते. तेलाची वाटी कढत पाण्यात ठेवून कोमट केलेले खोबरेल तेल होते. उन्हाळा आहे, तिळाचे थंडीत लावू, असे तुम्ही म्हणालात. माझे दोन्ही पाय तुम्ही मांडीवर घेतलेत आणि पहिली काही मिनिटे काहीच चोळले नाहीत, नुसते तळव्यांवर तळहात टेकवून ठेवलेत. मग टाचेकडून बोटांकडे अंगठा सरकू लागला, इतक्या सावकाश की पुढे तो कुठे जाणार हे मला आधीच कळत होते. तुमचा एक हात उचलला गेला तरी दुसरा टेकलेला असे. सगळा स्पर्श एकदम सुटला, असे एकदाही झाले नाही. दचकायला कारणच मिळत नव्हते, आणि दोन महिने मी दर घटकेला दचकत होते.

हे असे का, याचा मी नंतर अभ्यास केला. आपल्या केसाळ त्वचेत, म्हणजे हात, पाय, पाठ यांच्या कातडीत, अतिशय मंद गतीने संदेश वाहणारे काही चेतातंतू असतात. सेकंदाला साधारण 1 ते 10 सेंटिमीटर इतक्या वेगाने, उबदार हाताने फिरवलेल्या स्पर्शाला ते सर्वांत चांगला प्रतिसाद देतात. आई बाळाच्या पाठीवरून हात फिरवते तो वेग साधारण हाच. तुमचा हात पोटऱ्यांवरून आणि पाठीवरून त्याच वेगाने चालत होता आणि तुम्ही तो कुणा पुस्तकातून घेतलेला नव्हता. सासूबाईंकडून शिकलात, असे तुम्ही सांगितले होते. त्याआधी कितीतरी वर्षे कापड विणण्याच्या मागासाठी सुताच्या कांड्या भरताना बोटांवरून सूत गेले, त्यात कुठे ताण पडला आहे हे न पाहता ओळखण्याची सवय बोटांना तिथेच लागली असावी, असे मला वाटते. वाग्भटांनीही अष्टांगहृदय या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथात रोज अभ्यंग करावा, म्हणजे अंगाला तेल लावावे, आणि डोके, कान व पाय यांकडे विशेष लक्ष द्यावे, असे सांगून ठेवले आहे. म्हणजे पायांपासून सुरुवात करण्याची तुमची रीत चांगलीच जुनी आहे.

चौथ्या की पाचव्या दिवशी तुम्ही काशाची वाटी आणलीत. तळव्याला तूप लावून ती फिरवू लागलात आणि थोड्या वेळाने तळवे काळपट झाले. अंगातली उष्णता बाहेर पडते, असे लोक म्हणतात. विज्ञान शिकवणारी म्हणून मी त्याचा खुलासा निराळा करीन: तूप आणि घाम यांच्याशी त्या धातूची प्रक्रिया होते, म्हणून तो रंग येतो. परंतु वाटीच्या त्या गोल, जड, एका लयीतल्या फिरण्याने जे सुख लाभते ते खरे आहे, आणि त्यासाठी उष्णतेचे कारण खरे असण्याची गरज नाही. त्याच दिवशी माझ्या पोटात मोठ्याने गुडगुडले. मी संकोचले. तुम्ही मान वर न करता म्हणालात, “आता सुटलं.” अनुकंपी चेतासंस्थेचा जोर ओसरून शरीराला निवांत करणारी परानुकंपी चेतासंस्था कामाला लागली की थबकलेले आतडे पुन्हा हलू लागते. तुम्ही एका शब्दात जे सांगितलेत ते हेच होते. मालीश संपल्यावर मी तुमच्या हातात हात दिला तेव्हा तो, कितीतरी दिवसांनी, उबदार होता.

मालिशीबरोबर तुम्ही मला आणखी दोन गोष्टी करायला लावल्यात. पहिली मुठीची. “सैल सोडा म्हणून सुटत नाही, आधी आवळा,” असे म्हणून तुम्ही मूठ घट्ट मिटायला, थोडा वेळ तशीच धरायला आणि मग एकदम सोडून द्यायला सांगत होतात. मग दंड, खांदे, कपाळ, जबडा, पोटऱ्या. अमेरिकेतील डॉक्टर एडमंड जेकबसन यांनी गेल्या शतकाच्या पूर्वार्धात स्नायू शिथिल करण्याची जी पद्धत रुजवली तिचा गाभा हाच आहे की, आवळलेपण म्हणजे काय हे माणसाला आधी जाणवले पाहिजे, तरच ते सोडता येते. माझा जबडा आवळलेला आहे हे मला आवळूनच कळले. दुसरी गोष्ट श्वासाची. तुमचा हात खाली सरकू लागला की तुम्ही ओठ मिटून गुणगुणत होतात आणि मलाही तसेच करायला लावत होतात. गुणगुणताना उच्छ्वास आपोआप लांबतो, आणि उच्छ्वासाच्या वेळी मेंदूकडून हृदयाकडे जाणाऱ्या व्हेगस चेतेचा प्रभाव वाढून हृदयाची गती किंचित उतरते. मनगटावर बोट ठेवून मी ते स्वतः मोजून पाहिले आहे. मालीश करायला रात्री तीनला कोणी येणार नसते. गुणगुणणे मात्र तेव्हाही जमते.

तुमच्याविषयी मला सर्वांत जास्त आदर वाटतो तो तुम्ही कसलाही दावा केला नाहीत म्हणून. मालिशीनंतर मनाची अस्वस्थता, नाडी आणि रक्तदाब काही काळ उतरतात, असे अभ्यासांत दिसून आले आहे. कॉर्टिसॉल झपाट्याने घटते, सगळे विष बाहेर पडते, अशी जी जाहिरात केली जाते तिला तेवढा आधार नाही. तुम्ही तसे काही बोलला नाहीत. तिसऱ्या आठवड्यातही माझी झोप मध्येच तुटते आहे, हे ऐकून तुम्ही म्हणालात, “माझा हात म्हणजे गोळी नाही, बाई. डोक्यात जे फिरायलंय ते कुणाला तरी सांगा.” मी समुपदेशकांकडे जाऊ लागले ती त्या वाक्यामुळे. तिथे मार्चमधली ती रात्र मी पहिल्यांदा सुरुवातीपासून शेवटपर्यंत सांगितली. तुमच्याकडे शरीराने आधी थोडे सोडून द्यायला शिकले नसते, तर तिथे तोंडातून शब्द फुटला नसता, असे मला मनापासून वाटते.

बाळ आता तीन महिन्यांचे होत आले आहे. यजमानांच्या हृदयाच्या डॉक्टरांना विचारून, तुम्ही दाखवलेल्या रीतीने मी रोज रात्री त्यांच्या तळव्यांना हलक्या हाताने तूप लावते. दुसरा पाय हातात घेईपर्यंत ते झोपलेले असतात. गेल्या आठवड्यात त्यांच्या तपासणीसाठी आम्ही पुन्हा त्याच रुग्णालयात गेलो होतो आणि मी पुन्हा त्याच व्हरांड्यात बसले होते. आतून नाव पुकारले गेले तेव्हा छातीत धडधडले, नाही असे नाही. मी दोन्ही पाय जमिनीवर नीट टेकवले, ओठ मिटून हळूच गुणगुणले आणि उठून आत गेले.

जाता जाता एक विनंती आहे. शेवटच्या दिवशी तुम्ही तेलाची बाटली बंद करीत असताना तुमच्या उजव्या अंगठ्याचा सांधा सुजलेला मला दिसला. विचारल्यावर तुम्ही “विड्या वळून वळून झालंय, जुनंच आहे” असे म्हणून हात पदराखाली घेतलात. इतक्या बाळंतिणींना आणि बाळांना या हातांनी सुख दिले. तुमच्या अंगाला तेल शेवटचे कोणी लावले, असे मी विचारले तेव्हा तुम्हांला आठवावे लागले होते. नारळी पौर्णिमेला मार्कंडेय महामुनींचा रथ निघतो, त्या दिवसांत तुमच्याकडे पाहुण्यांची वर्दळ असेल, म्हणून त्यानंतरच्या रविवारी सकाळी मी तुमच्या घरी येते. अंगठा आधी डॉक्टरांना दाखवून घेऊ. तोवर त्याला मी हात लावणार नाही. तूप आणि काशाची वाटी मी बरोबर आणते आहे. तुम्ही फक्त पाटावर बसायचे आणि पाय माझ्या मांडीवर द्यायचे.

आपली ऋणी,
बाळाची आजी
सोलापूर