शोकाची कादंबरी कशी बांधली, तेही लिहा

महोदय,

मृत्यू आणि दुःखावरच्या कादंबऱ्यांची परीक्षणे पुरवणीत आवर्जून वाचतो. त्यांत बहुतेक जागा कथानकच खाते: कोण गेले, मागे कोण उरले, शेवटी कसे सावरले. ते दुःख लेखकाने कोणत्या रचनेतून उभे केले, यावर क्वचितच दोन ओळी असतात.

इंग्रज लेखिका व्हर्जिनिया वुल्फ यांची १९२७ सालची ‘टू द लाइटहाऊस’ ही कादंबरी घ्या. पहिला, सर्वांत मोठा भाग एका दुपार-संध्याकाळचा. मग मोजक्या पानांत दहा वर्षे सरतात, आणि ज्यांच्याभोवती सारे घर फिरत होते त्या मिसेस रॅम्से गेल्याचे कंसातल्या एका वाक्यात कळते. वाचक दचकतो, मागे जाऊन ते वाक्य पुन्हा वाचतो. अशी बातमी खऱ्या आयुष्यातही दुसऱ्याच कशाच्या तरी मध्ये येऊन आदळते. त्या पानांत कुणी रडताना दिसत नाही. ओस घरात शिरणारा वारा आणि ओल मात्र पानभर आहे. केवढे धाडस आहे हे!

शेवटच्या भागात त्या घरी पाहुणी आलेली चित्रकार लिली ब्रिस्को अडलेले चित्र पुन्हा हाती घेते. ते माळ्यावर पडून राहील, हे तिला ठाऊक आहे. तरी ती मधोमध एक रेघ ओढते आणि चित्र पुरे होते. जगण्याचा अर्थ काय, यावर लेखिका तिच्या तोंडी भाषण घालत नाही.

काळ कुठे रेंगाळतो, कुठे धावतो, काय न सांगता सोडले आहे, एवढे तरी परीक्षकांनी लिहावे, ही विनंती. कथानक आम्ही वाचूच.

– एक वाचक