प्री-मेड म्हणजे मेडिकलचा प्रवेश नव्हे

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

मी मूळची सांगलीची, गेली 22 वर्षं न्यू जर्सीत एडिसनला राहते. मागच्या महिन्यात धाकट्या दिरांचा फोन आला. "वहिनी, पोराचं अमेरिकेत प्री-मेडला नक्की झालं. चार वर्षं ते, मग तिथंच एमडी. मळ्यातला एक एकर तेवढा काढावा लागेल." पुतण्याला नीटमध्ये सरकारी कॉलेज मिळण्याइतके गुण पडले नव्हते आणि एका सल्लागाराने ही वाट दाखवली होती. त्याच वाटेवर माझी मुलगी आहे, म्हणून हे पत्र.

प्री-मेड नावाची पदवीच नसते. पदवी जीवशास्त्रात घ्या नाहीतर इतिहासात. त्याच चार वर्षांत बायॉलॉजी, केमिस्ट्री, ऑरगॅनिक, फिजिक्स प्रयोगशाळेसकट पुरं करायचं, एवढाच त्याचा अर्थ. मेडिकलचा, म्हणजे एमडीचा (इथली एमडी म्हणजे आपल्याकडच्या एमबीबीएससारखी डॉक्टरकीची पहिली पदवी) अर्ज वेगळा, नव्याने करायचा. माझी लेक तिसऱ्या वर्षाला आहे. जेवणाच्या टेबलावर तिच्या रेणूंचे गोळे आणि काड्या पसरलेल्या असतात. काळा गोळा कार्बनचा, लाल ऑक्सिजनचा, हे आता मलाही पाठ झालंय. दर शनिवारी ती एका हॉस्पिटलात बिनपगारी काम करते, व्हीलचेअर पुसते, पेशंटला एक्स-रेपर्यंत नेऊन सोडते. एकदा एका आजोबांनी तिचा हात शेवटपर्यंत सोडला नाही. त्या रात्री ती जेवली नाही. पुढे एमकॅट ही मेडिकलची प्रवेश परीक्षा आहे, 472 ते 528 गुणांची, जवळजवळ साडेसात तासांची. मग उन्हाळ्यात अर्ज, आणि त्यानंतर कित्येक महिने मुलाखतीच्या बोलावण्याची वाट बघणं.

ती इथली नागरिक आहे, तरी आमच्या जिवाला घोर आहे. दरवर्षी 50 हजारांहून जास्त मुलं अर्ज करतात, आत जातात 23 हजारांच्या आसपास. विद्यार्थी व्हिसावर आलेल्या मुलांचे अर्ज तर कित्येक मेडिकल स्कूल घेतच नाहीत. जी घेतात त्यांतली काही चारही वर्षांच्या फीचे पैसे आधीच बाजूला काढून ठेवायला लावतात. इथलं सरकारी शैक्षणिक कर्जही त्यांना मिळत नाही. यातलं एक अक्षर दिरांना कुणी सांगितलं नव्हतं. माहितीपत्रकावर मात्र पांढरा कोट घातलेला, गळ्यात स्टेथोस्कोप असलेला मुलगा होता.

पुतण्याला बायॉलॉजीच मनापासून शिकायची असेल तर त्याने जरूर यावं, सुट्टीला काकूचं घर आहेच. पण डॉक्टर व्हायच्या आशेवर वडिलार्जित जमीन विकायची, तर निदान ठरवताना पुढचं सगळं माहीत असायला हवं. मी दिरांना त्या सल्लागाराला एकच प्रश्न विचारायला सांगितला: तुम्ही पाठवलेल्यांपैकी, विद्यार्थी व्हिसावर असलेल्या किती मुलांना गेल्या पाच वर्षांत अमेरिकेत एमडीला प्रवेश मिळाला, ते लेखी द्या. त्यांनी विचारून आज तीन आठवडे झाले. अजून उत्तर आलेलं नाही. दिरांनी जमिनीचा व्यवहार तूर्त थांबवला आहे.

आपली नम्र,
एक वाचक, एडिसन (न्यू जर्सी)