त्या ‘अप’ला वगळू नका

मा. संपादक,
स.न.

आपल्या पेपरात इंग्रजी शिकवणारी जी छोटी चौकट येते ती मी माझ्या क्लासमधे वाचून दाखवते. मिरजेत संध्याकाळी स्पोकन इंग्लिशचा क्लास आहे माझा, सगळे नोकरीधंदा करून येणारे, दोन नर्सिंगच्या मुली आहेत, एकजण कॅब चालवतो. मागच्या चौकटीत फ्रेझल व्हर्ब्जची, म्हणजे ‘अप’, ‘ऑफ’ असले शब्द जोडून अर्थ बदलणाऱ्या क्रियापदांची, यादी होती आणि त्यात ‘पिक अप म्हणजे उचलणे’ एवढंच लिहून गाडी पुढच्या शब्दावर गेली. म्हणून हे पत्र. लांबलंय, कापायचं तर कापा पण मधली उदाहरणं ठेवा.

उचलणे हा अर्थ चूक नाहीये. खाली पडलेला पेन उचल, पोरांनो खेळणी उचला, इथे ‘पिक अप’ चालतंच. पण रोजच्या बोलण्यात हे क्रियापद येतं ते बहुतेक वेळा दुसऱ्याच कामाला. स्टेशनवर कुणाला घ्यायला जायचं, फोन घ्यायचा, येताना दूध घेऊन यायचं, आजूबाजूचं ऐकून एखादी भाषा शिकायची, धंद्याने जोर धरायचा, सगळ्याला पिक अप. आमच्या नर्सिंगवाल्या मुलीला वाक्य दिलं, ‘द पेशंट पिक्ड अप ॲन इन्फेक्शन’, तर तिने यादीप्रमाणे सांगितलं की पेशंटने इन्फेक्शन उचललं, आणि मग तिलाच हसू आलं. इन्फेक्शन झालं, लागलं, असं आपण म्हणतो. इंग्रजीत ते ‘पिक अप’ होतं कारण त्याने ते मुद्दाम आणलेलं नाही, वावरताना कुठूनतरी चिकटलंय. भाषेचंही तसंच, ‘शी पिक्ड अप मराठी फ्रॉम हर नेबर्स’ म्हणजे शेजाऱ्यांकडून कानावर पडून पडून शिकली, क्लास लावून नाही. (माझ्या धंद्याला हे वाक्य बरं नाही, जाऊ दे.)

आता खरा मुद्दा. आपल्याकडे या क्रियापदाचा ‘अप’च गळून पडलाय. ‘प्लीज पिक मी फ्रॉम द स्टेशन’, ‘ही इज नॉट पिकिंग माय कॉल’, ‘पिक ॲन्ड ड्रॉप’ हे भारतभर चालतं, चांगल्या इंग्लिश मिडियमवाल्यांच्या तोंडीही आहे. आपसात सगळ्यांना कळतं त्यामुळे त्यावरून नाक मुरडायचं मला कारण दिसत नाही, भारतीय इंग्रजी म्हणून ते जगतंय. पण माझी पोरं बाहेर जायच्या तयारीत आहेत, आणि नुसत्या ‘पिक’चा अर्थ तिकडे निवडणे, नाहीतर वेचणे. कापूस पिक करतात, टीममधे प्लेअर पिक करतात. ‘पिक मी’ म्हणजे मला निवडा! एअरपोर्टवरून फोन करून मला निवडा म्हटलं तर समोरचा संदर्भावरून समजून घेईल, पण घ्यायला या म्हणायचं तर ‘पिक मी अप’, आणि सोडा म्हणायचं तर ‘ड्रॉप मी ऑफ’. फोनचंही तेच, ‘ही इजन्ट पिकिंग अप’ म्हणा नाहीतर ‘ही इजन्ट आन्सरिंग माय कॉल’.

गंमत म्हणजे आमचा कॅबवाला दिवसभर पिकअप पिकअप करतो. पिकअप पॉइंट, सर पिकअपला आलोय, गाडीला पिकअप नाही. तिथे त्याचा ‘अप’ कधी सुटत नाही कारण ते नाम आहे, अख्खा शब्द पाठ झालाय. तोच वाक्य बोलायला लागला की ‘आय विल पिक यू ॲट एट’. मी म्हटलं अरे अप कुठे गेला, तर म्हणे मॅडम ‘पिक अप यू’ कसंतरीच वाटतं म्हणून सोडून दिला. बरोबरच वाटतंय त्याला! ‘पिक अप यू’ चूकच आहे. मुलांना म्हणजे किड्सना आणायचं असेल तर ‘पिक अप द किड्स’ म्हणा की ‘पिक द किड्स अप’ म्हणा, दोन्ही चालतं, पण किड्सच्या जागी देम आलं की ते मधेच बसतं, ‘पिक देम अप’. मी, यू, हिम, हर, इट, सगळ्यांना हाच नियम. ही एक ओळ चौकटीत असती ना तर त्याचा अप सुटला नसता. आणि ‘बिझनेस इज पिकिंग अप’ मधे मधे घालायला कुणी नाहीच, धंदा आपला आपणच वर येतोय. उच्चारातही फरक आहे, नाम असेल तर जोर ‘पिक’वर, क्रियापद असेल आणि ‘अप’वर वाक्य संपत असेल तर जोर ‘अप’वर, पण ते छापून कळत नाही, ऐकूनच येतं.

आणि हे आपल्याला जड जावं असं काही नाही हो. आपल्या उचलण्याकडेच बघा. पोलिसांनी उचललं, मागणी उचलून धरली, ऊसतोडीला जाण्याआधी मुकादमाकडून उचल घेतली, यात वजन कशाचंच उचललेलं नाही. यातलं पोलिसांचं तेवढं इंग्रजीशी जुळतं, तिकडेही पोलीस संशयिताला ‘पिक अप’ करतात. बाकीची जुळत नाहीत, मागणी ‘पिक अप’ झाली असं म्हटलं तर बाजारात मागणी वाढली असा अर्थ निघेल, मोर्चा राहील बाजूला. म्हणून म्हणते शब्दासमोर शब्द छापू नका. ‘सांगून टाक’ मधल्या ‘टाक’चा अर्थ फेकणे असा छापून कुणी मराठी शिकवली तर आपण काय म्हणू?

एक सावधगिरीचं पण लिहा, कारण शिक्षक लोक हे सांगत नाहीत. कुणी कुणाला बारमधे ‘पिक अप’ केलं याचा अर्थ वेगळा होतो, ओळख काढून पटवलं असा. स्टेशन, शाळा, ऑफिस असलं काही सोबत असलं की गैरसमज होत नाही.

तर विनंती एवढीच की एका वेळी एकच क्रियापद घ्या, पण त्याची सहा-सात पूर्ण वाक्यं द्या, कोण, कुणाला, कुठून असं सगळं असलेली, आणि त्यात दोन तरी मी, हिम, देमवाली. पंधरा शब्दांची यादी पोरं परीक्षेसाठी पाठ करतात आणि बोलताना एकही वापरत नाहीत. पुढच्या वेळी ‘पुट ऑफ’ घ्या, मीटिंग पुढे ढकलणे आणि एखाद्या वासाने जेवणावरची इच्छा उडणे ही दोन्ही त्यात येतात, क्लासमधे त्यावरून आत्ताच वाद चालू आहे.

आपली नियमित वाचक,
मिरज